डी.एड.चा उत्पादन खर्च



बारावीचा निकाल लागला की गावोगाव मला एकच प्रश्न विचारतात : लेकराला डी.एड.ला घालू का? मी पीकशास्त्र शिकलेला माणूस. हिशेब पिकासारखाच मांडणार.

हमीभाव ठरवताना सरकार स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्थिर भांडवलावरचं व्याज सोडून देतं, म्हणून आपण भांडतो. लेकराच्या शिक्षणाचा खर्च काढताना मात्र आपणही नुसती फी धरतो. अहो, फी म्हणजे बियाण्याची पिशवी! तालुक्याची खोली, खानावळ, उसनवारीचं व्याज, निंदणी-वेचणीला घरचे दोन हात कमी पडले त्याची मजुरी, हे कोण धरणार?

आणि हे पीक किती दिवसांचं? ज्वारी चार महिन्यांत घरात येते. डी.एड.ची दोन वर्षं संपली की नोकरी लागत नाही, रांग लागते. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी आहे. ती पास झालं की भरतीसाठी अभियोग्यता चाचणी. पहिली डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट २०२३ मध्ये. मधली पाच वर्षं पोरगं घरी, वय मात्र थांबत नाही. निवड झालीच तर आधी तीन वर्षं शिक्षणसेवक. प्राथमिकचं मानधन ६,००० होतं, २०२३ मध्ये १६,००० झालं. पुढे पूर्ण पगार, आणि तो आपल्या दहा एकर कोरडवाहूपेक्षा भरवशाचा, हे मी नाकारत नाही. म्हणून तर झुंबड आहे.

कुणी म्हणतं, मग बी.एड. करू. ते पदवीनंतर, आणि २०१५ पासून दोन वर्षांचं. शिवाय पहिली ते पाचवीला बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. तेव्हा कोणत्या वर्गाला शिकवायचं ते आधी ठरवा, प्रवेश नंतर.

शिकवायची खरी आवड असेल, एसटीने जाऊन-येऊन कॉलेज होत असेल, रांगेत उभं असताना हाताला दुसरं काम असेल, तर जरूर घाला. सावकाराकडून पैसे काढून नको. आणि संस्थेतल्या जागेसाठी एकर विकून देणगी द्यायला माझा साफ विरोध आहे. त्या पैशाची पावती नसते, शाळेला अनुदान कधी येईल ते संस्थाचालकही सांगत नाही, आणि विकलेलं रान परत येत नाही.

ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे, त्यांनी जेवण झाल्यावर इथेच थांबा. मुलगी-मुलगा सोबत आला असेल तर त्यांनाही बसवा. हिशेब त्यांच्यासमोरच करू.