पाठिंबा बाहेरचा, बळ घरचे



सालाझारने उभारलेल्या ज्या राजवटीने १९५५ मध्ये ना. ग. गोरे, मधू लिमये यांच्यासारख्या गोवा सत्याग्रहींना तुरुंगात डांबले, तिचा पाडाव २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालच्याच सैनिकांनी केला. आफ्रिकेतील वसाहतींच्या युद्धांना ते विटले होते. वर्षअखेरीस नव्या राजवटीने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. वसाहतींची मुक्ती आणि मायदेशातील लोकशाही हा एकच लढा होता.

पुढची वाट निसरडी होती. १९७५ च्या निवडणुकीत मारिओ सुआरिश यांचा समाजवादी पक्ष पहिला आला, तरी सूत्रे लष्कराकडेच राहिली. तेव्हा ऑगस्टमध्ये विली ब्रांट, ओलोफ पाल्मे, ब्रुनो क्रायस्की प्रभृती नेते स्टॉकहोमला जमले आणि पोर्तुगीज लोकशाहीच्या पाठीशी उभे राहिले. भारतात त्या वेळी आणीबाणी होती. १९७६ मध्ये जॉर्ज फर्नांडिस पकडले गेले, तेव्हा याच तिघांनी त्यांच्यासाठी आवाज उठविला.

याला परकी ढवळाढवळ म्हणणाऱ्यांनी एक कसोटी लावावी : मदत जनतेचा कौल टिकविण्यासाठी आहे, की उलथविण्यासाठी? चिलीत आयेंदे यांचे निवडून आलेले सरकार अमेरिकेने खिळखिळे केले, ती ढवळाढवळ होती.

तथापि भार घरच्यांनाच वाहावा लागतो. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारला सनद परदेशाने दिली नव्हती. ती साताऱ्याच्या गावोगावच्या लोकांनी दिली. उंब्रजच्या कार्यकर्त्याने दूरच्या लढ्याला साथ जरूर द्यावी. पण आपल्या ग्रामसभेत दुबळ्यातला दुबळा माणूसही निर्भयपणे बोलू शकतो की नाही, हे आधी पाहावे.