वांगारी माथाई

केनिया देशाच्या न्येरी भागांत इहिथे नांवाचें एक डोंगराळ खेडें आहे. तेथील एका किकुयू शेतकरी कुटुंबांत १९४० सालीं वांगारी यांचा जन्म झाला. घराजवळ 'मुगुमो'चा एक विशाल वृक्ष होता. हा आपल्या वड-उंबरांच्याच कुळांतला. तो देवाचा वृक्ष. त्याची वाळकी काटकीसुद्धां सरपणाला आणूं नकोस, अशी आईची सक्त ताकीद असे. ज्या घरांत औदुंबराला प्रदक्षिणा घातल्या जातात, तेथें या ताकिदीचा अर्थ उलगडून सांगावयास नको. वृक्षाजवळच एक झरा वाहत असे.

पुढें अमेरिकेंत जीवशास्त्र शिकून वांगारी स्वदेशीं परतल्या आणि १९७१ सालीं त्यांनीं नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पूर्व व मध्य आफ्रिकेंत हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पण गांवीं जाऊन पाहतात तों नव्या मालकानें मुगुमो तोडून तेथें चहा लावलेला, आणि झराही आटलेला! आईच्या भाबड्या वाटणाऱ्या समजुतींत जमिनीचें केवढें शास्त्र सांठलें होतें, हें त्या विदुषीला तेव्हां उमगलें.

खेड्यांतील स्त्रियांना सरपण व पाणी यांसाठीं दूरदूर हिंडावें लागे. त्यांच्याच हातीं रोपें देऊन वांगारींनीं १९७७ सालीं 'ग्रीन बेल्ट' चळवळ सुरू केली. झाडें लावणें हें पदवीधरांचें काम, असें वनाधिकाऱ्यांचें मत पडलें. बायांनीं फुटक्या मडक्यांत बीं रुजवून त्याला उत्तर दिलें. जगलेल्या प्रत्येक रोपामागें त्यांना थोडे पैसे मिळत. लावलेल्या नव्हे, जगलेल्या. वृक्षारोपणाचे समारंभ सर्वत्र थाटानें होतात. दुसऱ्या वर्षीं त्या खड्ड्याकडे कोण फिरकतो?

१९८९ सालीं नैरोबीच्या उहुरू उद्यानांत सत्ताधारी पक्षाची ६० मजली इमारत उठावयाची होती. वांगारींनीं पत्रांमागून पत्रें धाडून तिला विरोध केला. संसदेंत त्यांची टवाळी झाली. आफ्रिकन स्त्रीनें पुरुषांचा मान राखून गप्प राहावें, असा उपदेश अध्यक्ष मोई यांनीं केला. अखेर परदेशी धनकोंनीं अंग काढून घेतलें आणि उद्यान वाचलें. त्याच उद्यानांत १९९२ सालीं राजबंद्यांच्या मातांसह त्या उपोषणास बसल्या असतां पोलिसांच्या मारानें बेशुद्ध पडल्या. १९९९ सालीं करुरा अरण्याची सरकारी जमीन खासगी मंडळींच्या घशांत जाऊं लागली, तेव्हां त्या रोपें घेऊन तेथें गेल्या. रखवालदारांनीं त्यांचें डोकें फोडलें. पोलिसांकडील फिर्यादीवर त्यांनीं आपल्याच रक्तानें सही केली.

२००२ सालीं त्या संसदेवर निवडून आल्या. २००४ सालीं त्यांना नोबेल शांतता पारितोषिक मिळालें. आफ्रिकेंतील स्त्रीला तें प्रथमच लाभत होतें. झाडांचा शांततेशीं संबंध काय, असें तेव्हां कित्येकांनीं विचारलें. जमीन, पाणी आणि सरपण यांची जेथें टंचाई पडते तेथेंच शेजारी शेजाऱ्यावर उठतो, हें केनियांतील खेडुतांस ठाऊक होतें.

२५ सप्टेंबर २०११ रोजीं कर्करोगानें त्यांचें निधन झालें. आपल्या शवपेटीसाठीं झाड तोडूं नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ती पेटी बांबू, पपायरसचें लव्हाळें आणि जलपर्णी यांची केली होती.