वाहनाखालचा तेलाचा डाग
(वाहनांची निगा या विषयावरील भाषण)



दहा-बारा वर्षे चाललेल्या जीपखाली सकाळी तेलाचा डाग दिसला, की आपण तो जुनेपणाच्या खाती टाकतो. परंतु इंजिनातील तेल फार उतरले तर बेअरिंगे जळतात आणि लसीकरणास निघालेली गाडी वाटेतच उभी राहते. तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर ते ठिबकले तर आगीचेही भय असते.

डाग जेथे, तेथेच गळती, असे मात्र समजू नये. तेल वरून खाली ओघळते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकते. म्हणून इंजिन थंड असता पुसून कोरडे करावे, गाडी थोडी चालवावी आणि सर्वांत वरचा व पुढचा ओला भाग पाहावा. टॅपेट कव्हरचे गॅस्केट कडक झाले असेल तर ते बदलावे. बोल्ट अतिरिक्त आवळल्यास पत्रा वाकतो व गळती वाढते. नवे ऑइल सीलही गळू लागले, तर ब्रीदरची नळी तुंबली आहे काय, हे तपासावे. कोंडलेला दाबच तेलाला बाहेर ढकलतो.

दुरुस्ती होईपर्यंत रोज सकाळी सपाट जागेवर डिपस्टिक पाहून पातळी लॉगबुकात नोंदवावी. नुसते तेल भरत राहणे ही दुरुस्ती नव्हे. गॅस्केटचा खर्च अल्प असतो, इंजिनाचा मोठा. आणि दोन्ही जनतेच्याच पैशातून होतात.