पवनेच्या पाण्यात उतरण्यापूर्वी
मावळातील पवना जलाशयाच्या काठी तंबूत सुट्टी घालवणाऱ्या मंडळींस समोरचे संथ पाणी निर्धोक भासते. परंतु हे नैसर्गिक सरोवर नसून नदी अडवून बुडवलेला मुलूख आहे, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे वाघेश्वराचे प्राचीन मंदिर जसे उघडे पडते, तसेच शेतांचे बांध, विहिरी व झाडांचे बुंधे तळाशी अद्याप शाबूत असणे संभवते. म्हणूनच कमरेएवढ्या पाण्यातून चालणाऱ्याचा पाय पुढच्याच पावलास ठाव सोडतो, अथवा गाळात गुडघ्यापर्यंत रुततो. मनाईचा सरकारी फलक नजरेआड करून, वर मद्यप्राशन करून उतरणाऱ्यांविषयी काय बोलावे! बुडणारा मनुष्य बहुधा ओरडत नाही; तोंड पाण्याच्या पातळीशी, मान मागे कललेली आणि हात पाणी खाली दाबणारे, एवढीच खूण दिसते. अशा वेळी स्वतः उडी न टाकता बांबू पुढे करावा, दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा. आणि काठावर आणल्यावर त्याचा श्वास चालत नसेल, तर पोटातील पाणी काढण्याच्या खटपटीत वेळ न दवडता तोंडाने श्वास देण्यास व छाती दाबण्यास तत्काळ प्रारंभ करून, दुसऱ्याकरवी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.