मोटारीच्या आंतली जागा



नवी मोटार घ्यावयाचें ठरलें म्हणजे घरांत पहिला वाद रंगाचा होतो, दुसरा किंमतीचा, आणि तिसरा उंच एस.यू.व्ही. घ्यावी कीं बसकी सेडान घ्यावी याचा. पहिल्या दोहोंचा निकाल ज्याचा त्यानें लावावा. तिसऱ्याविषयीं मात्र आज चार गोष्टी सांगणार आहें. कारण त्या आम्हांला बऱ्याच उशिरां कळल्या.

आमची पहिली गाडी लहानशी सेडान होती. वडील तींत आरामांत बसत. पण उतरतांना हात दिल्यावांचून त्यांना उठवत नसे. ती विकून आम्हीं सात माणसांची मोठी एस.यू.व्ही. घेतली. वडिलांची अडचण सरली आणि आईची सुरू झाली. आई ठेंगणी, गुडघे दुखरे, नेसण साडीचें. दारापाशीं उभी राहून ती त्या उंच पायरीकडे क्षणभर पाही आणि म्हणे, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतें." सर्वांना एकत्र जातां यावें म्हणून गाडी मोठी घेतली, आणि घरांतलें एक माणूस तिनेंच घरीं ठेवलें.

दोष गाडीचा नव्हता. बाहेरचा आकार पाहून आम्हीं आंतल्या सुखाचा अंदाज केला, हा दोष आमचा. हे दोन हिशेब किती निराळे असतात, तें पाहूं.

सरकारनें २००६ च्या अंदाजपत्रकांत लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. लहान गाडी म्हणजे लांबी ४ मीटरांच्या आंत, आणि इंजिन पेट्रोलचें असल्यास १२०० व डिझेलचें असल्यास १५०० घनसेंटिमीटरांपर्यंत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचा १८ टक्क्यांचा दर लागू झाला, तोही याच मापाच्या गाड्यांना. या मर्यादेनें गाड्यांची घडणच बदलली. २००८ सालीं आलेली स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटर लांब होती; २०१२ सालीं ती ३९९५ मिलिमीटरांवर आणली गेली. कात्री लागली ती डिकीला: ४४० लिटरांची डिकी ३१६ लिटरांची झाली.

पुढें लहान एस.यू.व्हीं.नाही हीच चौकट लागली. २०२४ ची डिझायर आणि २०२२ ची ब्रेझा या दोघींची लांबी सारखीच, ३९९५ मिलिमीटर. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर एकीचें २४५०, दुसरीचें २५००. म्हणजे फरक पांच सेंटिमीटरांचा. रुंदी १७३५ आणि १७९०. हा फरक साडेपांच सेंटिमीटरांचा, तोही बाहेरून मोजलेला. मागें तिघे बसले तर तो प्रत्येकाच्या वांट्यास दोन सेंटिमीटरही येत नाहीं. उंचींत मात्र ब्रेझा १६ सेंटिमीटरांनीं सरस आहे. आणि सामानाला डिझायरमध्यें ३८२ लिटर जागा आहे, ब्रेझामध्यें ३२८. म्हणजे बाजारांत जिला मोठी गाडी म्हणतात, ती पुष्कळदां फक्त उंच गाडी असते.

पण उंचीचा उपयोग नाहीं असें मात्र नव्हे. पाटावर बसलेल्या माणसानें पाय लांब केले तर समोर किती जागा लागते पाहा. तोच माणूस खुर्चीवर बसला कीं पाय सरळ खालीं येतात आणि जागा थोडी पुरते. एस.यू.व्ही.ची बैठक खुर्चीसारखी असते, सेडानची पाटाच्या बाजूची. बैठक बसकी असली कीं गुडघे वर येतात, मांड्या गादीवरून सुटतात आणि सारा भार कमरेवर पडतो. पुण्याहून निघालेल्याला हें बोरघाट येण्यापूर्वींच कळूं लागतें. मागच्या बाजूस सेडानचें छप्पर उतरतें असतें. उंच माणसाचें डोकें तेथें टेकतें.

उलट, घाटाच्या वळणावर उंच गाडी अधिक कलते आणि वर बसलेल्यांना तो हेलकावा अधिक जाणवतो. ज्यांना गाडी लागते त्यांनीं हें विसरूं नये. शिवाय चार मीटरांची मर्यादा ओलांडली कीं पारडें फिरूं शकतें. चाकांतील अंतर २०२३ च्या व्हर्ना या सेडानचें २६७० मिलिमीटर आहे, तर क्रेटा या एस.यू.व्ही.चें २६१०. गुडघ्यांपुढची मोकळीक नुसत्या नांवावरून ठरवूं नये, तें यासाठींच. सात माणसांच्या गाडींतील तिसरी ओळ तर बहुधा मुलांचीच. मोठ्या माणसाचे गुडघे तेथें छातीशीं येतात, आणि ती ओळ उभी केली कीं सामानाला जागा उरत नाहीं.

तेव्हां परीक्षा कशी करावी? गाडी पाहावयास सारें घर घेऊन जावें. चालविणाऱ्यानें आपली बैठक स्वतःच्या सोयीनें लावावी, आणि घरांतल्या सर्वांत उंच माणसानें त्याच्याच मागें बसावें. गुडघा आणि पुढची पाठ यांत मूठ मावावी. डोक्यावर चार बोटें जागा असावी. मांडी गुडघ्याच्या जवळपर्यंत गादीला टेकलेली असावी. मागें तिघांना एकदम बसवून मधल्याला विचारावें. त्याचें मत सर्वांत खरें. दोन मिनिटांत उठूं नये, पाव तास बसावें. आणि शेवटीं, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनीं आडवें होऊन दारांतून बसून पाहावें. बैठक कमरेच्या उंचीच्या जवळपास असली तर चढावेंही लागत नाहीं आणि कोसळावेंही लागत नाहीं.

तिसऱ्या खेपेस आम्हीं असेंच केलें. दुकानांत पहिल्यानें आईला बसविलें. गाडी चार मीटरांच्या आंतली, मध्यम उंचीची निघाली. शेजाऱ्यांनीं तिचें कौतुक केलें नाहीं. आई मात्र आपली आपण बसली, आपली आपण उतरली, आणि किंमत न विचारतां म्हणाली, "मग निघायचें केव्हां?"