मावशीच्या वजनाचे कागद



मृग बहाराच्या संत्र्याची तोड आटोपली की चांदूर बाजारला संध्याकाळी बसायला उसंत मिळते. त्या उसंतीत तुम्ही मला व्याख्यानमालेत वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या पैशांवर बोलायला बोलावलं. विषय नवा वाटेल, पण माझ्याकडे कराची कामं घेऊन येणाऱ्या घरांतून हा प्रश्न आता नेहमी येतो. मुलगा अमेरिकेत आहे, त्याला ऑपरेशन इकडे नागपुरात करायचं आहे; तिकडचा विमा पैसे देईल का, कर वाचेल का?

त्याआधी घरचं बोलू. वाढलेल्या वजनाला आजार म्हणायची आपल्याकडे रीत नाही. ‘खात्यापित्या घरची हाये’ म्हणून आपण कौतुक करतो, आणि तीच बाई जिना चढताना धापा टाकू लागली की ‘तोंडावर ताबा नाही’ म्हणून मोकळे होतो. 2011 साली नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं आणि ती गोष्ट लपवली नाही. विदर्भात हा विषय उघडपणे बोलला जाऊ लागला, त्यात याचा वाटा आहे असं मी मानतो.

माझ्या मावशीची गोष्ट सांगतो. उंची पाच फूट एक इंच, वजन नव्वद किलो, इन्सुलिन घेऊनही साखर आटोक्यात येईना. दोन वर्षं ती पहाटे उठून चालली, भात सोडला, सणावाराला पुरणपोळीला हात लावला नाही. शेवटी डॉक्टरांनी जठर लहान करण्याचं ऑपरेशन सुचवलं. पॉलिसी होती, हप्ते वेळेवर भरलेले होते. तरी क्लेम नाकारला गेला. पत्रात लिहिलं होतं की साध्या उपायांनी वजन उतरलं नाही याचा पुरावा नाही. आणि खरंच नव्हता. केसपेपरवर प्रत्येक वेळी साखर लिहिलेली होती, वजन एकदाही नाही. आंबिया बहाराचा सौदा लवकर करून, इसाराच्या पैशातून आम्ही बिल भागवलं. ते पत्र मी तिला वाचून दाखवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘मंग मी दोन वर्सं चालली ते कोनाले दिसलंच नाई का?’

हे का घडतं ते समजून घ्या. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, 2019 साली पॉलिसीत काय वगळता येईल याची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. लठ्ठपणाचं ऑपरेशन सरसकट वगळलेलं नाही, पण अटी आहेत. वय अठरा पूर्ण हवं, डॉक्टरांचा सल्ला हवा, उपचार वैद्यकीय नियमावलीला धरून हवा. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 40 किंवा जास्त हवा. तो 35 ते 40 च्या दरम्यान असला तर सोबत गंभीर आजार हवा: हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असावेत. शिवाय बऱ्याच पॉलिसींत या ऑपरेशनसाठी दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

मावशीच्या उंचीला 35 म्हणजे 84 किलो. 40 म्हणजे 96. तिचीच साखर, तिचंच इन्सुलिन, पण वजन 80 किलो असतं, तर सगळे कागद असूनही पैसे मिळाले नसते.

हे माप मला मान्य नाही. 40 आणि 35 हे आकडे 1991 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेत ठरले. आपलं शरीर वेगळं आहे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवलं. त्यांचं आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बीएमआय एकच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपल्याला मधुमेह कमी वजनातच गाठतो तो यामुळे. 2022 मध्ये शल्यचिकित्सकांच्या अमेरिकी आणि जागतिक संघटनांनीही आकडे खाली आणले, आणि आशियाई लोकांत 27.5 पासूनच ऑपरेशनचा विचार करता येईल असं सांगितलं. मावशीच्या उंचीला ते 66 किलो होतात. प्राधिकरणाने आपलं कलम बदललं पाहिजे. ही मागणी करण्याचा हक्क हप्ते भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

आता परदेश. आपल्या साध्या आरोग्य पॉलिसी भारतातल्या उपचारापुरत्याच असतात. प्रवास विमा अचानक आलेल्या दुखण्यासाठी असतो. ठरवून केलेलं ऑपरेशन त्यात बसत नाही. तेव्हा तुर्कस्तानात स्वस्त पडतं असं ऐकून इथून कोणी निघालं, तर सगळा खर्च खिशातून.

करातही फारसं काही नाही. आयकर कायद्याच्या जुन्या 80-ड कलमाखाली सूट मिळते ती विम्याच्या हप्त्यावर, 25 हजारांपर्यंत, ज्येष्ठांसाठी 50 हजार. उपचाराच्या खर्चावर सूट मिळते ती फक्त विमा नसलेल्या ज्येष्ठांसाठी, आणि तीही रोखीने दिलेल्या पैशांवर नाही. 80-डडब खालच्या आजारांच्या यादीत कॅन्सर आहे, मूत्रपिंड निकामी होणं आहे, लठ्ठपणा नाही. आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर या दोन्ही सवलती विसरा. 2025 च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत, तेव्हा विवरण भरताना जुना आकडा धरून बसू नका.

अमेरिकेतल्या मुलाचं उलट आहे. त्याच्यासाठी परदेश म्हणजे नागपूर. अमेरिकेतल्या नोकरीचा विमा बहुतेक वेळा देशाबाहेर ठरवून केलेल्या ऑपरेशनचे पैसे देत नाही. पण तिथल्या करखात्याने 2002 मध्येच लठ्ठपणा हा आजार मानला, आणि उपचार कायदेशीर असेल तर तो परदेशात झाला म्हणून वजावट नाकारत नाहीत. तपशीलवार वजावट घेणाऱ्याला, उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा वैद्यकीय खर्च वजा करता येतो. मुख्यतः उपचारासाठीच केलेला प्रवास त्यात धरतात, राहण्याचे माणशी रात्रीला 50 डॉलरपर्यंत धरतात. बहिणीच्या लग्नाला आला आणि जाता जाता ऑपरेशन करून गेला, तर विमानाचं तिकीट धरता येणार नाही. त्याला इथून निदान लिहिलेलं पत्र, तारखांसह बिलं आणि पैसे बँकेतून दिल्याचा दाखला द्या.

क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. अमरावतीला जिल्हा ग्राहक आयोगही आहे. आम्ही मावशीच्या वेळी कुठेच गेलो नाही, याची मला अजून खंत आहे.

तुमच्या घरात वजनाने आणि साखरेने बेजार झालेलं कोणी असेल, तर या आठवड्यात त्यांना दवाखान्यात न्या. उंची आणि वजन केसपेपरवर लिहून घ्या, खाली तारीख आणि डॉक्टरांची सही घ्या, दर तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. आणि तो कागद पॉलिसीच्याच फाईलीत ठेवा.