मधुमेह, मन आणि सहकारी दवाखाना
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात मी एका रोगाविषयी बोलणार आहे, हे ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वेतन, रेशन, जमीन, पाणी हे आपले नेहमीचे विषय. परंतु कष्टकऱ्यापाशी त्याचे शरीर आणि मन यांवाचून दुसरे भांडवल नसते. ते कशाने झिजते, हा प्रश्नही आपलाच आहे.

आमच्या युनियनमध्ये एक जुने सहकारी होते. गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी त्यांना मधुमेह असल्याचे निघाले. गोळ्या वेळेवर घेत नाहीत, पथ्य पाळत नाहीत, चालायला जात नाहीत, म्हणून आम्ही सारे त्यांना बोल लावीत असू. मीही त्यांत होतो. डॉक्टर दर खेपेस साखर तपासत, गोळी वाढवीत आणि रागावत. रात्री झोप लागते का, कशात मन रमते का, हे मात्र त्यांना कोणीच विचारले नाही. पायाची जखम चिघळून पाय काढावा लागला, तेव्हा त्यांच्या पत्नीने सांगितले की, दोन वर्षे ते घरात कोणाशी धड बोललेच नव्हते. आम्ही ज्याला हलगर्जीपणा म्हणत होतो, तो दुसरा आजार होता.

या दोन आजारांच्या नात्याचा ज्यांनी आयुष्यभर अभ्यास केला, त्यांत वेन केटन यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. ते अमेरिकेतील सिॲटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात मानसोपचाराचे प्राध्यापक होते. २०१५ साली त्यांचे निधन झाले. नैराश्याने ग्रासलेली बहुसंख्य माणसे मानसोपचारतज्ज्ञाकडे जातच नाहीत. अंगदुखी, थकवा, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन ती नेहमीच्या डॉक्टरकडे जातात. तेव्हा रुग्णाला तज्ज्ञाकडे धाडण्याऐवजी तज्ज्ञानेच नेहमीच्या दवाखान्यात येऊन तेथील डॉक्टरच्या जोडीने काम करावे, अशी पद्धत त्यांनी अजमावली. तीव्र नैराश्याच्या रुग्णांना तिचा लाभ होतो, हे त्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले.

पुढे त्यांनी मधुमेहाकडे लक्ष वळवले. मधुमेहींमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. खचलेल्या माणसाकडून औषध, आहार, व्यायाम यांतले काहीच नेटाने होत नाही. साखर वाढली, उपद्रव सुरू झाले की तो अधिकच खचतो. ज्या मधुमेहींना नैराश्यही आहे त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक असते, असे केटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली मांडले.

मग नैराश्य बरे केले की साखर आपोआप उतरेल काय? हे पाहण्यासाठी त्यांनी नऊ दवाखान्यांतील ३२९ रुग्णांवर प्रयोग केला. २००४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, नैराश्य कमी झाले, पण साखर उतरली नाही. आपला अंदाज चुकला हे त्यांनी लपवले नाही. केवळ मनावर उपचार करून भागत नाही आणि केवळ शरीरावर करूनही भागत नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी घेतला आणि पद्धतच बदलली.

नव्या प्रयोगात चौदा दवाखान्यांतील २१४ रुग्ण होते. त्यांना मधुमेह किंवा हृदयविकार, आणि त्यासोबत नैराश्य होते. या वेळी कामाचा कणा होती प्रशिक्षित परिचारिका. ती रुग्णाला नियमित भेटे, मनःस्थिती आणि साखर दोन्हींचा आढावा घेई, रुग्णाला झेपेल असे उद्दिष्ट त्याच्याच विचाराने ठरवी. दर आठवड्यास ती मानसोपचारतज्ज्ञ आणि वैद्यक डॉक्टर यांच्यापुढे आपले रुग्ण मांडी, आणि सुधारणा नसेल तर उपचार तत्काळ बदलले जात. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षाअखेर नैराश्य, साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल, चारही बाबतींत हे रुग्ण इतरांपेक्षा सुधारलेले होते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीतील फरक सुमारे ०.६ टक्का होता. यासाठी कोणतेही नवे औषध लागले नव्हते. लागली ती कामाची नवी रचना.

हे दवाखाने कोणाचे होते, हेही सांगितले पाहिजे. ते ‘ग्रुप हेल्थ कोऑपरेटिव्ह’ या संस्थेचे होते. शेतकरी संघटना, विमान कारखान्यांतील कामगारांची युनियन आणि सहकारी चळवळ यांतील माणसांनी ती उभारली आणि १९४७ मध्ये ती सुरू झाली. सभासद आगाऊ वर्गणी भरत, डॉक्टर पगारी असत. स्थानिक वैद्यक संघटनेने या डॉक्टरांना वाळीत टाकले, तेव्हा संस्था न्यायालयात गेली आणि १९५१ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकली. प्रत्येक भेटीमागे शुल्क मिळवण्याचा जेथे प्रश्न नाही आणि सर्व रुग्णांची नोंद एकाच ठिकाणी आहे, तेथे असा प्रयोग सुलभ होतो. २०१७ साली ही संस्था एका मोठ्या आरोग्यसंस्थेत विलीन झाली. तिचा सहकारी कारभार उरला नाही. तो इतिहासही आपण ध्यानात ठेवावा.

श्रीमंत देशातील हे प्रयोग आपल्याकडे चालतील काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर प्रयोगानेच दिले आहे. चेन्नई, दिल्ली, बंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील मधुमेह चिकित्सालयांत ४०४ रुग्णांवर हीच पद्धत अजमावण्यात आली. नैराश्य निम्म्याने उतरणे आणि सोबत साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी एकात तरी ठरावीक सुधारणा होणे, ही कसोटी होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नव्या पद्धतीचे ७१.६ टक्के रुग्ण, तर नेहमीच्या उपचारांचे ५७.४ टक्के रुग्ण त्या कसोटीला उतरले. गोव्यातही चोवीस सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत स्थानिक, बिगर-डॉक्टर समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावरील उपचारांचा प्रयोग झाला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत लाभ ठळकपणे दिसला तो सरकारी केंद्रांत. खाजगी दवाखान्यांत दोन्ही गटांतील रुग्ण सारखेच सुधारले. म्हणजे उणीव होती ती गरिबाच्या दवाखान्यात, आणि ती भरून काढता आली.

येथे एक आक्षेप येईल. गिरणी बंद पडली म्हणून माणूस खचला. त्याला काम द्या, समुपदेशन कसले देता? आक्षेपात तथ्य आहे. बेकारीवर गोळीचा उतारा नाही, आणि ती लढाई आपण सोडता कामा नये. परंतु लढाई जिंकेपर्यंत माणूस जिवंत आणि धड राहिला पाहिजे. खचलेला माणूस मोर्चालाही येत नाही आणि दवाखान्यातही जात नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ पासून आहे आणि मधुमेहादी रोगांचा २०१० पासून. रुग्ण एक, कार्यक्रम मात्र दोन. प्राथमिक आरोग्य केंद्रात या दोहोंची सांगड घालावी, त्यासाठी स्वतंत्र, पगारी, प्रशिक्षित कर्मचारी नेमावा आणि तज्ज्ञाचा साप्ताहिक सल्ला मिळावा, ही आपली मागणी असली पाहिजे. हे काम फुकटात आशा सेविकांच्या डोक्यावर टाकण्यास आपला विरोध राहील. मोबदल्यासाठी २०२१ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात ज्यांना संप करावा लागला, त्यांच्यावर आणखी एक बिनपगारी ओझे लादणे ही सुधारणा नव्हे.

मागणी मान्य होईपर्यंत आपणही काही करू शकतो. वस्तीतला मधुमेही सहकारी पथ्य मोडू लागला, तर बोल लावण्याआधी त्याला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत कामात, गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? मन उदास, निराश असते का? उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे न सोडता सोबत दवाखान्यात जा. सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाखेच्या फलकावर लावा.

आमच्या त्या सहकाऱ्याला हे दोन प्रश्न आम्ही कधी विचारले नाहीत. आपल्या शाखेत तसे होऊ नये, एवढ्यासाठीच आज हा विषय घेतला.